मोरपीस मागितलंस म्हणून

सक्करदरा, नागपूर
४ मार्च १९८४

प्रिय जया,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पोस्टमननं ते नेहमीसारखं शेजारच्या सिंधूताईंकडे टाकलं आणि त्यांनी नेहमीसारखं पाकीट उजेडाकडे धरून पाहिल्यावरच आमच्याकडे दिलं. तुझं अक्षर हल्ली माझ्यावर जायला लागलंय, म्हणजे बिघडलंय. मावशी अंगणात गहू निवडत बसली होती, तिला सगळं पत्र वाचून दाखवलं. खाप्याला तुला मिळालेली खोली, नदीवरून येणारा वारा, खानावळीतली पातळ डाळ, सगळं तिनं दोनदा वाचायला लावलं. डाळीचं ऐकून तिनं लगेच तुझ्यासाठी मेतकूट करायला घेतलं आहे. घरात तीन दिवस भाजल्या डाळींचा वास आहे आणि मला चहा मागायचीही सोय राहिलेली नाही.

तू लिहिलंस की आतापर्यंत गावोगाव कुष्ठरोगाच्या तेरा सभा घेतल्या आणि तेराही सभांत दहा मिनिटं झाली की माणसं उठायला लागतात. एका गावी तर शेवटी तू, ग्यासबत्ती आणि एक म्हातारा एवढेच उरलात, आणि म्हातारासुद्धा सतरंजी त्याची होती म्हणून बसला होता. हे वाचून मी हसलो, माफ कर. मग पुढचं वाचलं. पंधरा तारखेला, गुरुवारी, नागपूरचे मोठे डॉक्टर तुझी सभा पाहायला येणार, आणि त्यांच्या शेऱ्यावर तुझी नोकरी कायम व्हायची की नाही हे ठरणार. आणि तुमच्या कार्यालयातल्या धोंडबानं तुला सांगितलं, की तुझ्या बाबांच्या सभेतून एकदा एक माणूससुद्धा उठला नव्हता, बाजूच्या वस्तीत दंडारीच्या नाचगाण्याचा ढोल वाजत असतानाही. मधुकररावांच्या, म्हणजे माझ्या, हातात एक मोरपीस होतं, त्याची ती करामत. तू लिहिलंस, बाबा, ते मोरपीस अजून असेल तर रजिस्टरनं पाठवा, आणि कसं वापरायचं तेही लिहा. एवढी मोठी गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली कशी नाही?

धोंडबानं तुला अर्धंच सांगितलं आहे. त्याचा दोष नाही, तो त्या दिवशी तिथे नव्हता, त्यानं ते पथकात ऐकलं. आमच्या कुष्ठरोग पथकात ती गोष्ट वर्षानुवर्षं चहाबरोबर सांगितली जायची आणि मी समोर बसून ऐकून घ्यायचो. मोरपीस आता नाही. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. पण लोक बसून राहावेत यासाठी काय करावं हे विचारलंस, तर ते आधी सांगतो. पस्तीस वर्षं बोलण्यावर पोट भरलेला माणूस आहे मी, कुणी विचारलं की थांबवत नाही.

सभेच्या गावी तासभर आधी जा. जीपमध्ये बसून राहू नकोस. कुणाच्या तरी ओट्यावर बस, पाणी माग. त्यांच्या घरचं पाणी आपण प्यायलो की निम्मी सभा तिथेच होते. रोगाचं नाव पहिल्या पंधरा मिनिटांत काढायचं नाही. कापसाच्या पराटीवर यंदा कुठली कीड आली ते विचार, आणि खरंच ऐक, कारण न ऐकता विचारलेलं गावाला बरोबर कळतं. झडलेल्या बोटांचा तक्ता तुम्ही लोक सगळ्यांत आधी टांगता, तो मुळी नेऊच नकोस. भ्यालेला माणूस ऐकत नाही, तो फक्त घरी जायला बघतो. लेकरू रडलं तर आवाज चढवायचा नाही, थांबायचं. त्याच्या आईला अवघडून टाकलंस तर सगळ्या बाया तिच्या बाजूनं होतील. आणि समोर बसलेल्यांकडे बघून बोलू नकोस, ते बसणारच आहेत. सगळ्यांत मागे, लिंबाच्या झाडाला टेकून, एक पाय उचलून जो उभा असतो ना, जायच्या बेतात, त्याला सांग. तो बसला की सभा बसली. हे सगळं खरं आहे आणि कामाचं आहे, आणि मोरपीस त्यातलं नव्हे.

मोरपिसाचं असं होतं. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो, हे लोकांना सांगून कळत नाही, दाखवावं लागतं. डोळे मिटलेल्या माणसाच्या अंगाला पीस लावायचं आणि जिथे लागलं तिथे त्यानं बोट ठेवायचं. चट्ट्यावर लावलं तर त्याला कळत नाही. तपासणीत आम्ही कापसाची वात वापरायचो, तुम्हीही वापरता. सभेसाठी मी मोरपीस आणलं, कारण ते लांबून दिसतं आणि लोकांना बघायला आवडतं. आणि आमचा एक नियम होता, तो तुलाही शिकवला असेल. गावातल्या माणसाला चारचौघांत तपासायचं नाही. तपासणी घरात, आडोशाला, बाईची बाईनं. म्हणून सभेत मी आमच्या शिपायालाच उभं करायचो. रामाजी आठवतो तुला? तो धोतर-टोपी घालून आधीच गावकऱ्यांत जाऊन बसायचा आणि मी कुणीतरी पुढे या म्हटलं की लाजत लाजत यायचा. मानेला पीस लावलं की तो गुडघ्यावर बोट ठेवायचा. लोक लोटपोट. मग मी त्याला दटावायचो, मग तो नीट करायचा. हे नाटक आम्ही दोघांनी शंभर गावांत केलं असेल. त्यात कुणाचं काही गेलं नाही.

सहासष्ट सालचा फाल्गुन. पारशिवनीकडचं एक गाव, नाव लिहीत नाही. माझी बढती अडकली होती आणि माझ्यावरचे अधिकारी सभा पाहायला आले होते, अगदी तुझ्या पंधरा तारखेसारखंच. रामाजी तापानं घरी पडला होता. गुरं घरी आल्यावर सभा सुरू झाली आणि वीस मिनिटांत बाजूच्या वस्तीतून दंडारीचा ढोल ऐकू यायला लागला. मागची माणसं धोतर झटकत उठली. खुर्चीवर बसलेल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा, तुझ्या आईचं दम्याचं औषध चालू होतं, आणि ती बढती मला हवी होती. एवढं सगळं खरं आहे, पण ते कारण म्हणून लिहीत नाही. खरं कारण हे की माणसं उठून चाललेली मला सहन होत नसत. अजूनही होत नाहीत. सिंधूताई माझं बोलणं अर्धं टाकून घरात गेल्या तर मला राग येतो.

बायांच्या बाजूला एक मुलगी बसली होती, अठराएक वर्षांची. तिचं मोठ्यानं हसणं मी सभेच्या सुरुवातीपासून ऐकत होतो. पराटीवरच्या किडीचं विचारलं तेव्हा तिनंच काहीतरी फटकळ उत्तर दिलं होतं आणि सगळं गाव हसलं होतं. गावाची लाडकी होती ती, दिसतच होतं. वैशाखात तिचं लग्न होतं. हिला पुढे बोलावलं तर कुणी जाणार नाही, असा हिशेब मी उभ्या उभ्या केला आणि बोलावलं. ती पदर खोचून आली. मी कपाळाला पीस लावलं, तिनं बोट ठेवलं. तळहाताला लावलं, ठेवलं. मानेला लावलं तेव्हा गुदगुल्या होऊन अशी हसली की उठलेली माणसं परत येऊन बसली. साहेबांनी घड्याळावरून नजर काढली. मग मी तिच्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली, पीस लावलं.

ती तशीच उभी राहिली. डोळे मिटलेले, बोट उचलून तयार, ओठांवर हसू. मी पुन्हा पीस फिरवलं. ती म्हणाली, “लावा ना साहेब. कवाची डोये मिटून उभी हाओ.”

लोक हसले. त्यांना वाटलं ती गंमत करते आहे. मलाही एक क्षण तसंच वाटलं, मग वाटलं नाही. ग्यासबत्तीच्या उजेडात तिथे बिब्ब्याएवढा फिक्कट डाग दिसत होता. जया, त्या वेळी मी नुसतं “बरोबर” म्हणून तिला परत पाठवू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी नर्सबाईला घेऊन तिच्या घरी गेलो असतो, गोळ्या सुरू केल्या असत्या, आणि कुणाला काही कळलं नसतं. एका चट्ट्याचा, न पसरणारा प्रकार होता तो. पण माझ्या पाठीमागे सभा गप्प झाली होती. लोक पुढे झुकले होते. असे लोक मला त्याआधी कधी मिळाले नव्हते. मी तिसऱ्यांदा पीस लावलं. मग तिचा हात उजेडात वर धरला आणि म्हणालो, “पाहा.”

तेव्हा तिनं डोळे उघडले. तिनं आधी हाताकडे पाहिलं नाही, लोकांकडे पाहिलं. लोकांच्या तोंडावरून तिला कळलं. हात सोडवून घ्यायचा तिनं थोडा प्रयत्न केला. मी सोडला नाही. तिचा हात धरून मी वीस मिनिटं बोललो. हा रोग पाप नाही, शाप नाही, लवकर कळला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, सगळं बोललो आणि फार चांगलं बोललो. ढोल वाजत होता आणि एकही माणूस उठला नाही. धोंडबानं सांगितलं ते एवढं. साहेबांनी पाठ थोपटली, शेऱ्यात ‘उत्कृष्ट’ लिहिलं आणि दोन महिन्यांत माझी बढती झाली. तुला त्या साली लाल सायकल आणली होती, ती त्याच आनंदात.

दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन तिच्या घरी गेलो तर ती घरात नव्हती. तिची बाज वावरातल्या झोपडीत हलवली होती. आठ दिवसांत सोयरिक मोडली, दिलेलं लुगडं त्यांनी परत मागून नेलं. विहिरीवर तिला पाणी भरू देईनात. मी दर महिन्याला जायचो, बस, मग सायकल. ती गोळ्या घ्यायची आणि मागच्या महिन्याची रिकामी पुडी परत द्यायची. तीन वर्षांत ते मोठं हसू मी एकदाही ऐकलं नाही. एकोणसत्तरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहून दिलं की रोग उरलेला नाही. डाग फिका होऊन सपाट झाला. तिथली जाणीव तेवढी परत आली नाही.

मला फार आनंद झाला, आणि एक कल्पना सुचली. माझ्या कल्पनांना तूही कंटाळायचीस लहानपणी. ज्या मैदानात झालं तिथेच पुन्हा सभा घ्यायची आणि जाहीर सांगायचं, ही मुलगी बरी झाली. तिला विचारलं. ती हो म्हणाली. दवंडी दिली. माणसं पहिल्यापेक्षा जास्त आली, पुन्हा काहीतरी बघायला मिळेल म्हणून. ती नवीन लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून आली आणि ग्यासबत्तीच्या खांबापाशी उभी राहिली. मी बोलायला सुरुवात केली. मला येत होतं ते सगळं केलं, पराटी, गमती, झाडाला टेकलेला माणूस. पहिल्यांदा पुढच्या बायांनी लेकरं मांडीवर ओढून घेतली. मग एक रांग उठली. मग दुसरी. त्या दिवशी कुठे ढोल वाजत नव्हता, काही नव्हतं. थोड्या वेळात मैदान रिकामं झालं आणि समोर एकटा तिचा बाप बसलेला राहिला, टोपी हातात घेऊन. एका माणसाशी सभेत काय बोलायचं ते मला येत नव्हतं. ती खांबापाशी तशीच उभी होती. मला वाटलं, या पोरीची आणखी शोभा नको. मी तक्ते गुंडाळले, बत्तीची हवा सोडली आणि जीपमध्ये जाऊन बसलो. घरी येऊन मोरपीस चुलीत घातलं. केस जळाल्यासारखा वास आला आणि तुझ्या आईनं विचारलं काय जाळताय. मी काहीतरी सांगितलं.

महिन्याभरानं तिचा बाप तिला घेऊन आमच्या पथकाच्या कार्यालयात आला. हातात तिच्या कपड्यांचं गाठोडं. मी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. म्हणाला, “साहेब, तुमी सभेत म्हनलं का हे बरी झाली. मंग तुमच्या घरी ठेवा.” रागानं म्हणाला नाही. माझ्या टेबलावर गाठोडं ठेवून गेला. तो माणूस तुझ्या ओळखीचा आहे. दर हिवाळ्यात तुला फडक्यात बांधून बोरं आणून द्यायचा आणि अंगणातच बसून मावशीच्या हातचा चहा प्यायचा. रुपरावबाबा.

म्हणजे आता तुला कळलं. त्या खांबापाशी उभी असलेली मुलगी तुझी गोपिकामावशी आहे. ती तुझ्या आईची लांबची बहीण नाही, कुणीच नाही. ते आम्ही घरमालकाला सांगितलं, मग सिंधूताईंना, मग तुला, आणि इतक्या वेळा सांगितलं की आम्हालाही ते खरं वाटायला लागलं. नागपूरच्या मे महिन्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं का घालते म्हणून तू तिला चिडवायचीस. एकदा पोळ्या करताना तव्याचा चटका लागून तिच्या हाताला मोठा फोड आला आणि तिला कळलंच नाही. तू पाहिलंस आणि तूच रडलीस, ती तुझी समजूत घालत बसली. तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला ती कधी आत आली नाही, फाटकाबाहेर शेंगदाणेवाल्यापाशी उभी राहून तुझं गाणं ऐकायची, आणि तू रुसायचीस. माणसं भरलेली जागा तिला सोसत नाही. या नोकरीवर लागल्यापासून तू एकदोनदा तिच्या डाव्या बाहीकडे पाहिलंस, मी बघत होतो. तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

आणखी एक लिहायचं आहे. ती घरी आली त्या दिवशी तुझ्या आईनं काही विचारलं नाही. गोपिकेपुढे परात सरकवली आणि कणीक मळायला सांगितली. आणि मी? वीस वर्षं गावोगाव सांगत फिरलेला मी? मी फडताळाच्या वरच्या कप्प्यात तिच्यासाठी एक पितळी पेला वेगळा ठेवला. घरात लहान मुलगी आहे, असं स्वतःला सांगितलं. तीन आठवडे ती त्या पेल्यातून पाणी प्यायली. एके दिवशी तुझ्या आईनं त्याच पेल्यात माझा चहा ओतून माझ्यापुढे ठेवला आणि मी पिईपर्यंत समोरून हलली नाही. तोच पेला तू खाप्याला नेला आहेस, तळाला पोचा आलेला. हे तुझ्या आईला, मावशीला आणि मलाच माहीत होतं. आई सत्त्याहत्तरला गेली. त्यानंतर लोकांनी मावशीबद्दल आणि माझ्याबद्दल काय काय बोलून घेतलं ते तुलाही ऐकावं लागलं. मावशीनं ते सगळं ऐकलं आणि तुझ्या मॅट्रिकच्या वर्षी पहाटे चारला उठून तुला उठवत राहिली.

शुक्रवारी तुझं पत्र वाचताना मी मोरपिसाच्या ओळी गाळणार होतो. पण मला वाचताना गाळता येत नाही, आवाज अडखळतो आणि तिला कळतं. म्हणून वाचलं सगळं. तिचा हात सुपात थांबला. संध्याकाळी स्वयंपाक केला, तुळशीपाशी दिवा लावला, सगळं रोजचं. शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता मोरपिसाचं काढेल. अठरा वर्षं मी मनातल्या मनात तिची त्या मोरपिसाबद्दल माफी मागत आलो आहे. तोंडानं एकदाही मागितली नाही. पण तिनं ते काढलंच नाही. ती म्हणाली, “भाऊजी, त्या दुसऱ्या सभेत मले बोलाचं होतं. मी समदं पाठ करून आली होती. तुमी तक्ते गुंडायले.”

मी वस्तरा खाली ठेवला. तीन वर्षं त्या झोपडीत बसून तिनं काय बोलायचं ते जुळवलं होतं, नवीन लुगडं त्यासाठी नेसली होती. मी एकदाही मागे वळून तिला विचारलं नाही, तुला काही सांगायचं आहे का. लोक उठून गेले, ते माझंच बोलणं सोडून उठले असं धरून मी चालू पडलो. मी म्हटलं, गोपिका, समोर कुणी उरलंच नव्हतं. ती म्हणाली, “माहा बाप होता ना.” रुपराव जाऊन चार वर्षं झाली. तिला जे सांगायचं होतं ते त्यानं कधी ऐकलं नाही, आणि तो ऐकायलाच बसून राहिला होता. मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. मी रडलो, जया. तुझी आई गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

बाहेर आलो तेव्हा ती मेतकुटाचा डबा पुसत होती. माझ्याकडे न बघता तिनं सांगितलं की ती बुधवारी, चौदा तारखेला, तुझ्याकडे निघते आहे. सावनेरहून खाप्याची दुपारची बस. गुरुवारी तुझ्या सभेत बसणार आहे, मागच्या बाजूला, बायांत. आणि उठावंसं वाटलं तर उठून बोलणार आहे. तुला न सांगताच यायचं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, तिथेही लोक उठून गेले तर? तर ती म्हणाली, “जाऊ द्या. आता जया हाये. ते नाई गुंडायनार.”

म्हणून हे पत्र, आणि म्हणून आजच टाकतो आहे, बुधवारच्या आत तुला पोचावं म्हणून. तू हे सगळं गुरुवारी, ग्यासबत्तीच्या उजेडात, शंभर माणसांच्या आणि मोठ्या डॉक्टरांच्या देखत ऐकू नयेस. आपलीच गोष्ट लोकांच्या तोंडाकडे बघून कळायची वेळ मी एका मुलीवर आणली, तुझ्यावर आणायची नाही. खोलीचं दार लाव, पुन्हा वाच, माझ्यावर रागवायचं असेल तर पोटभर रागव, पण बुधवारी बसस्टँडवर हसत जा. तिला पुढे बोलावू नकोस. तिचं नाव घेऊ नकोस. ती उठली तर तू खाली बस, सतरंजीवर, तिच्यासमोर, आणि डॉक्टरांकडे बघू नकोस. लोक निघाले तर निघू देत. नोकरी राहील किंवा जाईल. समोर एक तूच उरलीस तरी तिचं बोलून होईपर्यंत तक्त्यांना हात लावू नकोस. मी येत नाही. यावंसं फार वाटतं, पण मी तिथे दिसलो तर ती पुन्हा माझ्यासाठी थांबून राहील. गुरुवारी संध्याकाळी दिवे लागले की मी इथे अंगणात बसेन. ती काय म्हणाली ते मला लिहून पाठव, एक शब्दही न गाळता.

तुझाच,
बाबा